जर्बिल कोपरा का उकरतो?

व्यापारानिमित्त आपली अनेक कुटुंबे अँटवर्प, लंडन, लेस्टर, न्यू जर्सी अशा ठिकाणी स्थायिक झाली आहेत. तेथे वाढणाऱ्या मुलांना घरात एखादा प्राणी असावा असे वाटते आणि त्यात वावगे काही नाही. कुत्रा किंवा मांजर आणावे तर त्यांच्या आहाराचा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात सहजी सुटत नाही. मग शोध सुरू होतो तो मुख्यतः दाणे-बियांवर जगणाऱ्या, आकाराने लहान आणि दुर्गंधी न करणाऱ्या प्राण्याचा. अशा वेळी बऱ्याच घरांची निवड जर्बिलवर येऊन थांबते. मुठीत मावेल एवढा, मऊ तपकिरी लोकरीचा, शेपटीच्या टोकाला केसांचा काळसर झुपका असलेला हा उंदीरकुळातील प्राणी दिसायला गोजिरा असतो आणि स्वभावाने धीट व जिज्ञासू. (त्याच्यासाठी मिळणाऱ्या खाद्याच्या पाकिटावरील घटकपदार्थ मात्र अवश्य वाचावेत. काही मिश्रणांत वाळवलेले किडे घातलेले असतात.)

प्राणी घरी येतो, मुले हरखून जातात आणि काही आठवड्यांनी एक शंका डोके वर काढते. जर्बिल पिंजऱ्याच्या किंवा काचेच्या टाकीच्या एकाच कोपऱ्यात उभा राहून पुढच्या पायांनी काच उकरीत राहतो. तेथे माती नसते, उकरून निघण्याजोगे काही नसते. तरीही पाय यंत्रासारखे चालू असतात. काही क्षण थांबतो, फेरी मारतो आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात येतो. रात्री घर शांत झाले की तो खरखर आवाज शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. घरातील प्रत्येक जण आपापल्या परीने त्याचा अर्थ लावतो. मुलांना वाटते, तो खेळतो आहे. आजीला वाटते, बिचाऱ्याला सुटून जायचे आहे. आईला वाटते, भूक लागली असेल. म्हणून ती आणखी चार दाणे टाकते. या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे, पण त्यांपैकी एकही उत्तर प्रश्नाच्या मुळाशी जात नाही. आणि उत्तर चुकले की उपायही चुकतो. म्हणून या वेळच्या सदरात हा एकच विषय घेतला आहे.

पाळीव जर्बिल म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा मंगोलियन जर्बिल असतो. त्याचे शास्त्रीय नाव मेरिओनेस उंग्विक्युलाटस. मेरिओनेस हा ग्रीक महाकाव्यातील एक योद्धा, आणि उंग्विक्युलाटस म्हणजे लहान नखे असलेला. म्हणजे ‘नखधारी योद्धा’. नाव ठेवणाऱ्यांनी नखांची दखल घेतली हे योग्यच झाले, कारण या प्राण्याचे सारे जीवन त्या नखांवर उभे आहे. मंगोलिया, चीनचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला सैबेरियाचा दक्षिण पट्टा येथील गवताळ व निमवाळवंटी मैदाने हे त्याचे मूळ घर. तेथील हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो, उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर पाय ठेववत नाही. झाडे जवळजवळ नाहीत. आकाशात ससाणे आणि घुबडे, जमिनीवर कोल्हे आणि साप. साठ ते शंभर ग्रॅम वजनाच्या प्राण्याने अशा ठिकाणी कोणाच्या आश्रयाने जगावे? त्याला आश्रय एकच, जमिनीच्या पोटाचा.

हे बीळ म्हणजे नुसते भोक नव्हे. जर्बिल कुटुंबाने राहणारा प्राणी आहे. एक जोडपे आणि त्याची लहानमोठी संतती असा एक परिवार एका बिळसमूहात राहतो आणि आपल्या हद्दीत परक्या परिवाराला येऊ देत नाही. बिळाला अनेक दारे असतात, एकमेकांना मिळणाऱ्या अरुंद वाटा असतात, मऊ गवत अंथरलेली निजण्याची दालने असतात आणि धान्याची कोठारेही असतात. उन्हाळी बिळे तुलनेने उथळ असतात. हिवाळ्यासाठीची बिळे मीटरभर आणि कित्येकदा त्याहूनही खोल जातात, कारण वरची जमीन दगडासारखी गोठली तरी तेवढ्या खोलीवर तापमान सुसह्य राहते. हा प्राणी हिवाळाभर झोपून राहात नाही. तो जागा असतो, खातो, वावरतो. म्हणूनच सुगीच्या दिवसांत गवताचे बी आणि दाणे वाहून नेऊन साठवणे हा त्याच्या जगण्याचा अपरिहार्य भाग झाला आहे. पेठेत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे सांगायला नकोच की कोठार भरण्याआधी कोठार बांधावे लागते.

जर्बिल उकरतो कसा, हेही एकदा शांतपणे पाहण्यासारखे आहे. पुढचे दोन पाय अतिशय वेगाने आलटून पालटून माती खरवडतात आणि ती पोटाखाली जमते. पुरेशी जमली की मागचे दोन्ही पाय एकदम झटका देऊन ती मागे फेकतात. वाट लांबली आणि मागे ढीग साचला, की तो वळतो आणि डोक्याने व पुढच्या पायांनी तो ढीग ढकलीत दाराबाहेर नेतो. मग पुन्हा आत. ही सारी क्रिया शिकवावी लागत नाही. ज्या पिलाने आयुष्यात माती पाहिली नाही, ज्याच्या आईनेही पाहिली नाही, ते पिलूदेखील डोळे उघडल्यावर थोड्याच दिवसांत हीच हालचाल करू लागते.

आणि माती न पाहिलेल्या पिढ्या या प्राण्याच्या वाट्याला भरपूर आल्या आहेत. १८६६ मध्ये आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मोपदेशकाने उत्तर चीनमधून काही ‘पिवळे उंदीर’ पॅरिसच्या संग्रहालयाकडे पाठविले आणि पुढच्याच वर्षी आल्फोंस मिल्न-एदवार या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १९३५ मध्ये अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या वीस जोड्या जपानमध्ये नेण्यात आल्या. त्यांच्या वंशजांपैकी काही १९५४ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर श्वेंटकर यांच्याकडे पोहोचले आणि तेथून हा प्राणी जगभरच्या प्रयोगशाळांत पसरला. माणसाला ऐकू येणारे मंद स्वर त्याला उत्तम ऐकू येतात, तसेच त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांची रचना वेगळी आहे. म्हणून श्रवणशक्ती आणि पक्षाघात यांच्या संशोधनात त्याला मागणी आली. प्रयोगशाळेतून तो घरांत आला तो १९६० च्या दशकात. त्याच्या आजच्या पिंजऱ्यावर त्या इतिहासाची छाप आहे. उथळ तळ, बोटभर भुसा, वर जाळी. ही रचना धुण्यापुसण्याच्या आणि मोजदादीच्या सोयीची आहे. ती सोय प्राण्याची नसून माणसाची आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही.

अशाच पिंजऱ्यांतून कोपरा उकरण्याची सवय दिसू लागली. एखादा जर्बिल दिवसाचा बराच वेळ त्यातच घालवितो. कसलाही परिणाम साधत नसताना एकच हालचाल त्याच ठिकाणी, त्याच रीतीने करीत राहणे याला प्राणिवर्तनाचे अभ्यासक साचेबद्ध वर्तन म्हणतात. प्राणिसंग्रहालयातील वाघाची पिंजऱ्यातली येरझार किंवा साखळीला बांधलेल्या हत्तीचे एकसारखे डोलणे आपण पाहिले असेल. हे त्याच जातीचे. अशा वर्तनाचे दर्शन झाले की प्राण्याच्या राहणीत काहीतरी मूलभूत उणीव आहे असे समजावे. पण कोणती उणीव? जर्बिलच्या बाबतीत प्रथमदर्शनी उत्तर अगदी सोपे वाटते: त्याला उकरायला माती नाही, म्हणून तो काच उकरतो, माती द्या, प्रश्न मिटेल.

स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठात क्रिस्टोफ विडेनमायर यांनी हे सोपे उत्तर तपासून पाहिले. त्यांचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. रचना साधी होती. काही पिलांना उकरण्यासाठी भरपूर कोरडी वाळू दिली. कोरड्या वाळूत बीळ टिकत नाही, उकरलेली वाट लगेच ढासळते. म्हणजे उकरण्याची हौस पुरी होते, पण घर तयार होत नाही. इतर पिलांना याच्या उलट स्थिती दिली. त्यांना आयते बीळ दिले, म्हणजे एक बंदिस्त दालन आणि त्यात शिरण्यासाठी बोगद्यासारखी वाट. उकरण्याजोगे साहित्य नसले तरी राहण्याजोगे घर होते. उकरणे ही स्वतंत्र भूक असती, तर वाळूतली पिले समाधानी राहायला हवी होती आणि बिळातली पिले काच उकरायला हवी होती. घडले नेमके उलटे. वाळू असलेल्या पिलांनी वाळूही उकरली आणि त्यांच्यात कोपरा उकरण्याची साचेबद्ध सवयही लागली. वयाच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास ती स्पष्ट दिसू लागली. आयते बीळ मिळालेल्या पिलांत ती सवय रुजली नाही.

या निष्कर्षावर क्षणभर थांबायला हवे. मनुष्य रस्त्याची आवड म्हणून संध्याकाळी दुकानातून निघत नाही, त्याला घर गाठायचे असते. त्याला रस्ताच रस्ता दिला आणि घर काढून घेतले तर तो चालतच राहील. आणि दारापाशी नेऊन सोडले तर न चालल्याची खंत त्याला होणार नाही. जर्बिलच्या उकरण्याला असाच एक शेवट आहे. अंगाला सर्व बाजूंनी भिंत लागते, उजेड नाहीसा होतो, अरुंद वाटेतून आपण एका बंद दालनात आलो आहोत असे शरीराला कळते आणि उकरण्याची आज्ञा आपोआप थांबते. उघड्या टाकीत ती थांबविणारी खूण कधीच येत नाही. काचेचा कोपरा म्हणजे दोन बाजूंनी भिंत असलेली जागा, बिळाच्या तोंडाशी त्यातल्या त्यात साम्य असलेली. म्हणून तो तेथेच प्रयत्न करतो. काच हटत नाही, खूण मिळत नाही आणि प्रयत्न संपत नाही. आजीचे ‘त्याला सुटून जायचे आहे’ हे म्हणणे येथे अर्धे खरे ठरते. त्याला जायचे आहेच, पण बाहेर नव्हे, आत.

झुरिचमध्येच पुढे एव्हा वाइब्लिंगर आणि बार्बरा क्योनिग यांनी ही गोष्ट आणखी बारकाईने पाहिली. अंधारी पेटी ठेवली म्हणजे काम भागते का, असा त्यांचा प्रश्न होता. नुसती पेटी पुरेशी नव्हती. पेटीपर्यंत नळीसारख्या वाटेने जावे लागेल अशी रचना असली, तरच साचेबद्ध उकरणे लक्षणीय कमी झाले. दालन आणि दालनाकडे नेणारी वाट ही दोन्ही मिळून घर होते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दाराच्या आत देवडी असे आणि मग चौक. देवडीवाचून चौक उघडा पडतो. जर्बिललाही ती देवडी हवी असते.

बाजारात यासाठी काय मिळते? ‘उकरण्याची पेटी’ या नावाने एक लहान खोका मिळतो. त्यात वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा भरून तो पिंजऱ्यात ठेवायचा. तो वाईट आहे असे नाही. वाळूत लोळून जर्बिल आपली लोकर स्वच्छ ठेवतो, ते त्याला आवश्यकच आहे. परंतु कोपरा उकरण्यावरचा उपाय म्हणून ती पेटी घेणे म्हणजे मालाशिवाय पावती घेणे होय. कोपऱ्यात पुठ्ठा चिकटविणे, काचेवर टिचकी मारून त्याला हुसकावणे किंवा रात्री टाकी पडवीत ठेवून देणे हेही प्रकार घडतात. त्यांनी आवाज थांबेल. कारण तसेच राहील, आणि वर भीतीची भर पडेल.

मग करावे काय? पहिली गोष्ट खोलीची. किमान एक वीत, शक्य तर दीड वीत, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटर जाडीचा थर टाकीत हवा. दोन जर्बिलांसाठी सुमारे १०० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच काचेची टाकी उत्तम. मासे पाळण्याची जुनी टाकी चालते, तिला वरून हवेशीर जाळीचे घट्ट झाकण मात्र हवे. तारेचा पिंजरा या कामाचा नाही. भुसा बाहेर सांडतो आणि तार कुरतडून नाकाला जखमा होतात. प्लास्टिकचा तळ तर तो काही दिवसांत कुरतडून मोकळा होतो. दुसरी गोष्ट साहित्याची. थर नुसता जाड असून भागत नाही. त्यात वाट टिकली पाहिजे. कागदाच्या लगद्यापासून केलेला भुसा, लांब वाळके गवत आणि लाकडाच्या ढलप्या यांचे थर एकावर एक देऊन हाताने चांगले दाबावेत. गवताच्या काड्या घराच्या वाशांसारखे काम करतात आणि बोगदा उभा राहतो. देवदार, चीड यांसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा घेऊ नये. त्या वासाचा श्वासमार्गावर वाईट परिणाम होतो. घरात येणाऱ्या मालाच्या खोक्यांचा साधा, छपाई नसलेला पुठ्ठा आणि पुठ्ठ्याच्या नळ्या यांचे जर्बिलला सोने वाटते. तो त्या कुरतडून त्यांचा मऊ कापूस करतो आणि दालनात अंथरतो. कापूस-लोकरीचे तयार अंथरूण मात्र घालू नये. त्याचे तंतू पायात गुंततात आणि पोटात जातात.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. नव्या जागेत आलेल्या प्राण्याला पहिले बीळ खणेपर्यंत आडोसा लागतो. म्हणून एक अंधारी लाकडी पेटी थरात पुरून ठेवावी आणि तिच्या दाराला तिरकी, वळण असलेली नळी जोडून तिचे दुसरे तोंड वर आणावे. नळी पारदर्शक नको. मुलांना आतले दिसावे म्हणून पारदर्शक नळ्या विकल्या जातात. प्राण्याच्या दृष्टीने ते भिंती नसलेले घर आहे. पाण्याची बाटली, दगड, लाकूड, चाक अशा जड वस्तू भुशावर न ठेवता टाकीच्या तळाला टेकलेल्या फळीवर किंवा पायांवर ठेवाव्यात. हे तपशिलाचे वाटले तरी महत्त्वाचे आहे. जर्बिल त्या वस्तूखालची जमीन पोखरतो, वस्तू खचते आणि बिळात असलेला प्राणी तिच्याखाली चिरडला जातो. पुरेशा प्रेमाने सजवलेल्या टाक्यांतही ही दुर्घटना घडते.

चौथी गोष्ट स्वच्छतेची, आणि येथे आपल्या घरांचा सद्गुणच आड येतो. दर आठवड्याला सगळे काढून टाकी लख्ख धुवायची, नवा भुसा घालायचा, असा शिरस्ता अनेक गृहिणी पाळतात. कोरड्या प्रदेशातील हा प्राणी पाणी फार कमी पितो आणि त्याचे मूत्रही अल्प व घट्ट असते. त्यामुळे इतक्या वेळा सफाईची गरज नसते. उलट दर वेळी त्याचे घर, त्याची कोठी आणि त्याच्या परिवाराचा ओळखीचा वास हे सारे एकदम नष्ट होते. सफाईनंतर दोन दिवस प्राणी वेड्यासारखा उकरतो असे दिसले तर त्याचे कारण हेच. ओली झालेली जागा आणि कोमेजलेली भाजी तेवढी रोज काढावी. पूर्ण बदल बऱ्याच अवधीने करावा आणि तेव्हाही जुन्या भुशाचा काही भाग, विशेषतः निजण्याच्या दालनातला, नव्यात मिसळावा.

कोपऱ्यातले प्रत्येक उकरणे रोगट नसते, हेही लक्षात घ्यावे. नाही तर पालक उगाच धास्तावतील. वाटीत टाकलेले सूर्यफुलाचे बी उचलून तो भुशात खड्डा करतो, बी पुरतो आणि वरून नाकाने दाबतो. हे कोठार भरणे. व्यायला टेकलेली मादी एकाएकी जोमाने खणू लागते; तिचा गर्भकाळ सुमारे २४ ते २६ दिवसांचा असतो. दाणे देण्याच्या वेळी झाकणाजवळ दोन-चार हात मारणे ही तर नुसती आठवण करून देणे आहे. अनोळखी आवाज झाला की मागच्या पायांनी ठकठक वाजवून तो सोबत्यांना इशारा देतो आणि बिळात शिरून आत थोडे खणतो. या सर्व प्रसंगी उकरणे कशाशी तरी जोडलेले असते आणि थोड्या वेळात संपते. चिंतेची खूण वेगळी आहे: जवळ काहीही घडत नाही, निघण्याजोगे काही नाही, तरी हालचाल थांबत नाही, हात लावला, दाणा दिला तरी क्षणभर थांबून तो पुन्हा तेथेच जातो. जाळी चावीत राहण्याची सवय हा आणखी निराळा विषय आहे. पिलांना आई व भावंडांपासून फार लवकर तोडण्याशी त्याचा संबंध आढळला आहे. म्हणून दुकानातून अगदी चिमुकले पिलू ‘जास्त गोड दिसते’ एवढ्यासाठी उचलू नये, आणि एकटे तर मुळीच आणू नये. एकाच विणीतील दोन नर किंवा दोन माद्या आणाव्यात.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या जर्बिलला महिनोन् महिने उथळ पिंजऱ्यात ही सवय लागली आहे, त्याला आज उत्तम बीळ दिले तरी ती लगेच सुटेल असे नाही. साचेबद्ध वर्तन एकदा मुरले की मूळ कारण दूर झाल्यावरही शिल्लक राहू शकते. त्याचे प्रमाण घटते, तेही हळूहळू. अशा वेळी मुले विचारतात, ‘मग एवढा खटाटोप कशाला?’ घटलेले प्रमाण म्हणजे त्या प्राण्याच्या आयुष्यातील निवांतपणाचे वाढलेले तास आहेत, आणि त्याचे आयुष्य तीन-चार वर्षांचेच असते.

भारतातील वाचकांसाठीही थोडे सांगायला हवे. ज्यांचे मूळ गाव मारवाडात किंवा कच्छात आहे त्यांनी वाळूच्या टेकाडांवर दिवसाढवळ्या तुरुतुरु धावणारे आणि माणूस दिसताच बिळात नाहीसे होणारे छोटे प्राणी लहानपणी नक्की पाहिले असतील. तो भारतीय वाळवंटी जर्बिल, मेरिओनेस हरियाने. मंगोलियन जर्बिलचा सख्खा चुलतभाऊ. नावातला ‘हरियाने’ म्हणजे आपले हरियाणा. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी या व अशा कृंतक प्राण्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. एकेका जागी शेकडो बिळे, खणून वर आलेली वाळू वाऱ्यावर उडते, गवताचे बी व मुळे संपतात. त्यामुळे शेतकरी आणि गुराखी या प्राण्याकडे कौतुकाने पाहात नाहीत. महाराष्ट्राच्या शेतांतही रात्री फिरणारी, मोठ्या डोळ्यांची आणि लांब उड्या मारणारी आणखी एक जात आहे. हिंदीत तिला हरना मूस म्हणतात. हे रानातले प्राणी पकडून घरात कोंडणे सर्वथा अनुचित आहे. ते मोकळ्या जमिनीचे आहेत आणि त्यांच्या अंगावरील पिसवांतून रोगही येऊ शकतात.

विदेशी जर्बिल मुंबई-पुण्यात आणण्याविषयी विचारणा होते. माझे मत प्रतिकूल आहे. कोरड्या हवेचा हा प्राणी. हवेत दमटपणा निम्म्याहून अधिक झाला की त्याची लोकर चिकट होऊन उभी राहते. मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने त्याने काय करावे? वीतभर भुसाही त्या हवेत बुरशी धरतो. यंत्राने खोली कोरडी ठेवता येते हे खरे, पण एका मुठीएवढ्या जीवासाठी वर्षाचा तिसरा हिस्सा यंत्राच्या आधारे काढावयाचा असेल तर हा प्राणी येथला नाही हे मान्य करणे बरे.

आणि जे आधीच घरी आणले गेले आहेत, त्यांना कंटाळून किंवा कळवळून बागेत सोडून देण्याचा विचार कोणी करू नये. सोडून देणे म्हणजे जीवदया, अशी आपली सहज समजूत असते. पिंजऱ्यात जन्मलेल्या जर्बिलला बागेत मांजर आणि कावळा यांची ओळख पहिल्याच दिवशी होते आणि बहुधा तीच शेवटची ठरते. आणि एखाद्या अनुकूल कोरड्या प्रदेशात तो जगलाच, तर तेथल्या पिकांवर आणि तेथल्या मूळ प्राण्यांवर संकट येते; याच भीतीने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जर्बिल पाळण्यासच बंदी आहे. सांभाळणे शक्य नसेल तर प्राणी दुसऱ्या जाणत्या कुटुंबाकडे सोपवावा, तोही त्याच्या सोबत्यासह आणि जुन्या भुशासह.

शेवटी बीळ तयार झाल्यावर काय होते ते सांगून ठेवतो, कारण त्याविषयी बालवाचकांची तक्रार हमखास येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत टाकीचा नकाशा पार बदलतो. पाण्याच्या बाटलीखाली डोंगर उभा राहतो, वाटी नाहीशी होते, पेटीची नळी दोनदा बुजवून दोनदा उघडली जाते. मग एके सकाळी टाकी रिकामी दिसते. मुले घाबरून झाकण तपासतात. तेव्हा उकरून शोधू नये. काचेला डोळा लावून खालच्या बाजूने पाहावे. बहुधा एखादे दालन काचेला चिकटूनच असते, आणि त्यात चघळलेल्या पुठ्ठ्याच्या कापसावर दोघे एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपलेले असतात. त्या बाजूला बाहेरून एक काळा कागद लावून ठेवावा आणि पाहायचे तेव्हा तेवढा अलगद उचलावा.